वेळूगडची गादी : प्रकल्प नोंदी

७ जून २०२५, शनिवार (रात्री उशिरा)

पहिला चाचणी डाव आज झाला. खेळायला मी, ऐरोलीहून आलेला आतेभाऊ, समोरच्या ब्लॉकमधल्या वहिनी आणि कळव्याचा ऑफिसातला मित्र. पट जेवणाच्या टेबलावर. पत्ते ७२, सगळे घरी कापलेले, त्यामुळे पिसताना अडकतात.

खेळ थोडक्यात लिहून ठेवतो, नाहीतर सहा महिन्यांनी मलाच कळायचं नाही. वेळूगड हे कुठेच नसलेलं राज्य. प्रत्येक खेळाडू एका सरदार घराण्याचा. राजघराण्याशी सोयरीक करायची, मुलं जन्मतात, यमाचा पत्ता निघाला की माणसं जातात. राजा गेला की ज्याच्या सोयरिकीचा वारस गादीवर बसेल त्याला महसूल. पाच राजे झाले की डाव संपला. वारस कसा ठरायचा याचा नियम मी एका ओळीत लिहिला होता: ‘राजा गेला की थोरला मुलगा गादीवर बसेल.’ या ओळीवर मी खूश होतो.

ओळ पंचवीस मिनिटं टिकली. तिसऱ्या फेरीत थोरला राजपुत्र तापाने गेला. त्याच्या मागे एक मुलगा. पाचव्या फेरीत राजाच गेला. मधला राजपुत्र ठणठणीत. आता गादी काकाची की पुतण्याची? आतेभावाची सोयरीक मधल्याशी, वहिनींची थोरल्याशी. आतेभाऊ म्हणाला, “थोरला म्हणजे हयात असलेल्यांत थोरला.” वहिनी म्हणाल्या, “थोरला तो थोरलाच. मेला म्हणून काय धाकटा होतो का?” वहिनी शाळेत मराठी शिकवतात, त्यामुळे शब्दाच्या अर्थावर त्या हटत नाहीत. पाऊण तास गेला, दोनदा चहा झाला, शेवटची गाडी चुकेल म्हणून आतेभाऊ उठला. डाव तिथेच.

८ जून, रविवार

सकाळी बाबांना सांगितलं. बाबा मुरबाड, शहापूर असं करत तलाठी म्हणून निवृत्त झाले. खेळात त्यांना शून्य रस. पण ‘वारस’ शब्द कानावर पडला की हातातला पेपर खाली येतो.

“वंशावळ काढलीस का आधी?”

“नाही.”

“मग भांडण होणारच. कागद आण.”

त्यांनी पाठकोऱ्या कागदावर राजा वर लिहिला, खाली तीन रेघा. थोरल्याच्या नावावर फुली, शेजारी ‘मयत’. “मयत मुलगा पुसायचा नाही. फुली मारायची आणि त्याच्याखाली त्याची पोरं लिहायची. ती त्याच्या जागेवर उभी राहतात. गाव नमुना सहा-क मध्ये, वारसांच्या नोंदवहीत, आयुष्यभर हेच केलं.” म्हणजे वहिनी जिंकल्या.

दुपारी वाचत बसलो तर कालचं भांडण जुनंच निघालं. १२९० मध्ये स्कॉटलंडची गादी रिकामी पडली. दावेदार पुष्कळ, पण खरी लढत दोघांत: जॉन बॅलिअल हा एकाच मूळपुरुषाच्या थोरल्या मुलीचा नातू, रॉबर्ट ब्रूस हा मधल्या मुलीचा मुलगा. बॅलिअल म्हणे माझी फांदी वरची. ब्रूस म्हणे मी मूळपुरुषाच्या एक पायरी जवळ. १०४ जणांची सभा बसली: बॅलिअलने नेमलेले ४०, ब्रूसने नेमलेले ४०, आणि इंग्लंडच्या राजाचे २४. निकाल १७ नोव्हेंबर १२९२ला, बॅलिअलच्या बाजूने. फांदी जिंकली.

आपल्याकडे भोपाळ. सुलतान जहाँ बेगमचे दोन मोठे मुलगे १९२४ मध्ये एकाच वर्षात गेले. थोरल्याचा मुलगा होता, आणि बेगमचा धाकटा मुलगा हमीदुल्ला हयात होता. बेगमला धाकटा हवा होता. त्यासाठी त्या स्वतः लंडनला गेल्या, मंजुरी मिळवली आणि १९२६ मध्ये त्याच्यासाठी गादी सोडली. पायरी जिंकली.

‘फांदीचा हिशोब’ आणि ‘पायरीचा हिशोब’, हे दोन शब्द आजपासून पक्के. नियमात फांदी घालतो. कलम १ झालं तीन ओळींचं.

१४ जून, शनिवार

दुसरा डाव. आज मुलीवरून.

कलम १ मध्ये मी ‘मुलगा’ लिहिलं होतं. वहिनींनी पत्ते खाली ठेवले. “पत्त्यांत निम्म्या राजकन्या घातल्यास, आणि त्यांनी करायचं काय? फक्त लग्न?” खेळाच्या हिशोबानेही त्यांचं बरोबर होतं. निम्मे पत्ते मेल्यासारखे हातात बसून राहतात.

तीन पर्याय दिसतात. मुलींना साफ वगळायचं. किंवा मुलगे संपले तरच मुलगी. किंवा जो आधी जन्मला तो आधी, मग मुलगा असो की मुलगी. पहिल्यासारख्याच एका नियमाने एकदा दोन राज्यं वेगळी झाली: १८३७ मध्ये व्हिक्टोरिया इंग्लंडच्या गादीवर बसली, पण हॅनोवरचा नियम वेगळा, तिथे घराण्यात पुरुष शिल्लक असताना बाई चालत नव्हती. मग हॅनोवर तिच्या काकाकडे गेलं. तोवर सव्वाशे वर्षं दोन्ही मुकुट एकाच डोक्यावर होते.

वहिनींनी तिसरा पर्याय मंजूर करून घेतला. मग मित्राने विचारलं, “डावाच्या मध्यात कायदा बदलायचा पत्ता निघाला तर? आधी जन्मलेल्यांना लागू की पुढच्यांना?” मला हा प्रश्न सुचलाच नव्हता, आणि खरी मेख इथेच आहे. स्वीडनने १ जानेवारी १९८० पासून कायदा बदलला आणि आधी जन्मलेल्यांनाही लावला. साडेसात महिन्यांचा युवराज त्या दिवशी युवराज राहिला नाही, थोरली बहीण युवराज्ञी झाली. नॉर्वेने १९९० मध्ये बदलला, पण आधी जन्मलेल्यांत भावाचा नंबर थोरल्या बहिणीच्या आधीच ठेवला. ब्रिटनचा कायदा २०१३चा, अमलात आला २०१५ मध्ये, आणि लागू २८ ऑक्टोबर २०११ नंतर जन्मलेल्यांना. तीन तारखा, तिन्ही वेगळ्या.

आई पोळ्या लाटता लाटता ऐकत होती. तिचं लग्न १९८९चं. महाराष्ट्राने १९९४ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत हक्क दिला, पण त्याआधी लग्न झालेल्या वगळून. २००५च्या केंद्राच्या दुरुस्तीने ती अट गेली. मग ती लागू झाली त्या दिवशी, ९ सप्टेंबर २००५ला, वडील हयात असायला हवेत का, यावर वाद चालला, तो सुप्रीम कोर्टाने ११ ऑगस्ट २०२०ला मिटवला: नसले तरी चालेल. आई म्हणाली, “माझा हक्क गेला, आला, अडकला, सुटला. मी तीच. आणि हक्कसोडपत्रावर सही तर केव्हाच करून बसले होते.” पोळी उलटली.

वेळूगडला नॉर्वे पद्धत. जन्मलेल्याला हात लावायचा नाही. स्वीडनची पद्धत न्यायाची असेल, पण पटावर हातातला राजपुत्र अचानक फुकट गेला की खेळणारा उठून जातो.

१७ जून, मंगळवार

जांभळी नाक्यावरून जाड कार्डशीट आणलं. दुकानदाराने त्याच दरात कापूनही दिलं. कोपरे गोल करायचं यंत्र त्याच्याकडे नाही.

त्रावणकोरचा प्रकार घालून बघितला: राजानंतर राजाचा मुलगा नाही, बहिणीचा मुलगा. कागदावर सुंदर. राजाने कोणाशी लग्न केलं याला काही अर्थच उरत नाही, बहिणीला महत्त्व. पण आपल्या खेळाचं इंजिनच सोयरीक. काढून टाकला. कधीतरी वेगळा खेळ.

२८ जून, शनिवार

तिसरा डाव. पावसाने मध्य रेल्वे रखडलेली, आतेभाऊ ट्रान्स हार्बरने वेळेवर, कळव्याचा मित्र, जो सगळ्यांत जवळ राहतो, तो तासभर उशिरा.

आज जे झालं त्यावर सगळी रात्र जाणार. राजा गेला, आणि राणीच्या पत्त्यावर ‘गर्भवती’ची सोंगटी. मूल जन्मायला दोन फेऱ्या. वारसांच्या रांगेत पुढचा राजाचा भाऊ. आता या दोन फेऱ्या राजा कोण?

आतेभाऊ (भावाचा सोयरा): “जन्मला नाही तो मोजायचा कसा?” मित्र (राणीचा माहेरकडचा): “मोजायचा. थांबायचं.” वहिनी: “थांबायचं तर दोन फेऱ्यांचा महसूल कोणाला?”

कलमांत उत्तर नाही. डाव थांबवला, पत्ते जसेच्या तसे रबर लावून ठेवले.

२९ जून, रविवार

पहाटे उजाडल्यावर चालायला बाहेर पडलो. तलावपाळीची एक फेरी, मग कारागृहाच्या भिंतीकडून. ही भिंत म्हणजे ठाण्याचा किल्ला. चिमाजी अप्पांच्या मोहिमेत १७३७ मध्ये तो पोर्तुगिजांकडून मराठ्यांकडे आला. आणि इंग्रजांनी घेतला तो डिसेंबर १७७४च्या अखेरीस. लहानपणापासून या भिंतीकडेने जातोय, पण त्या दोन तारखांमधली गोष्ट म्हणजे कालचा आमचाच डाव, हे आज कळलं.

३० ऑगस्ट १७७३ला शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. चुलते रघुनाथराव पेशवाईवर बसले, वस्त्रंही आली. पण नारायणरावांच्या पत्नी गंगाबाई गरोदर होत्या. बारभाईंनी, म्हणजे रघुनाथरावांविरुद्ध एकत्र आलेल्या कारभाऱ्यांनी, त्यांना पुरंदरावर नेलं आणि पोटातल्या मुलाच्या नावाने कारभार सुरू केला. १८ एप्रिल १७७४ला मुलगा झाला, आणि चाळीस दिवसांच्या बाळाला पेशवाईची वस्त्रं मिळाली. मुलगी झाली असती तर? बारभाई तीनेक महिने एका नाण्याच्या उडवणीवर राज्य चालवत होते. रघुनाथराव मुंबईकर इंग्रजांकडे वळले. इंग्रजांनी मागितली साष्टी (ठाणं याच बेटावर) आणि वसई. बोलणी चालू असतानाच त्यांनी ठाणं घेऊन टाकलं. सुरतेचा तह झाला मार्च १७७५ मध्ये. १७८२ला सालबाईच्या तहात रघुनाथरावांचा दावा संपला, साष्टी मात्र इंग्रजांकडेच राहिली. म्हणजे आमचं ठाणे एका न जन्मलेल्या मुलाच्या भांडणात गेलं, आणि मुलगा गादीवर बसला तरी परत आलं नाही.

बडोद्यात उलटं झालं. खंडेराव गायकवाड नोव्हेंबर १८७०ला गेले, राणी जमनाबाई गरोदर. भाऊ मल्हारराव थांबले. जुलै १८७१ मध्ये मुलगी झाली, मगच मल्हाररावांची गादी पक्की झाली. फ्रान्समध्ये १३१६ला चुलत्याने कारभारी म्हणून वाट पाहिली, मुलगा झाला, पाच दिवस जगला, आणि चुलताच राजा झाला. स्पेनमध्ये १८८५ला राजा गेला, राणी गरोदर. घरात दोन मुली असूनही कोणाला बसवलं नाही. मे १८८६ मध्ये मुलगा जन्मला तो राजा म्हणूनच जन्मला.

आणि मला सगळ्यांत आवडलेली युक्ती १८३७ची. चौथा विल्यम गेला तेव्हा व्हिक्टोरियाला राणी जाहीर केलं, पण जाहीरनाम्यातच एक वाक्य घातलं: दिवंगत राजाच्या राणीला पुढे मूल झालं तर त्याचा हक्क शाबूत. बसवायचं, पण अट लिहून बसवायचं. पुढे मूल झालं नाही.

म्हणजे मार्ग तीन: थांबा, बसवा आणि मग उठवा, किंवा अटीवर बसवा.

घरी येऊन बाबांना हे सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, “आमच्याकडे सोपं आहे. पोटातलं मूल जिवंत जन्मलं तर ते आधी जन्मल्यासारखंच धरायचं, वारसा कायद्यात कलमच आहे. लहान असेल तर नावापुढे अ.पा.क. म्हणून आईचं नाव.” (अज्ञान पालन कर्ता. सातबाऱ्यावर पाहिलं होतं, अर्थ आज कळला. मी इतकी वर्षं ते कोणाचं तरी आडनाव समजत होतो.) “आणि फेरफार मंजूर होईपर्यंत सातबाऱ्यावर नाव मयताचंच. जमीन थांबते रे. ती कुठे जाते?”

“गादी नाही थांबत, बाबा.”

“नाही थांबत. शिवाय सातबाऱ्यावर अठरा नावं बसतात. तुझ्या गादीवर एकच.”

एकत्र मेलेल्यांचंही विचारून घेतलं, कारण ‘नाव बुडाली’ हा पत्ता आहे. बाप-लेक एका वेळी गेले, आधी कोण गेलं ठाऊक नाही, तर कायदा म्हणतो धाकटा मागे राहिला असं धरा. १९५६चा कायदा, कलम २१. गर्भाचं कलम त्याच्या आधीचं, २०. हे दोन्ही जसेच्या तसे उचलले.

गर्भाबाबत वेळूगडला ‘अटीवर बसवा’. महसूल बसलेल्याला, मूल झालं की उठायचं. कलमं आता नऊ.

६ जुलै, रविवार, आषाढी

काल डाव ठेवला नव्हता. आज उपास, म्हणजे साबुदाणा वडे आणि दिवसभर लिखाण.

दत्तकाचं कलम. हे टाळत होतो, कारण यात पळवाटा फार. आतेभावाने आधीच सांगून ठेवलंय की तो दुसऱ्याच्या घराण्यातला राजपुत्र दत्तक घेणार आणि दोन्हीकडून दावा ठोकणार. त्याला उत्तर जुन्या शास्त्रात आहे: दत्तक गेला की जन्मघरचा वारसा सुटला. पण तिथेही अपवाद सापडला, द्व्यामुष्यायण, म्हणजे दोन्ही बापांचा. हा शब्द आतेभावाला कळू द्यायचा नाही.

दत्तकातला खरा मुद्दा वेगळा. १८४८ला साताऱ्याचे शहाजी महाराज गेले, मृत्यूपूर्वी दत्तक घेऊन. डलहौसीने दत्तक खोटा म्हटला नाही. खाजगी मालमत्तेला तो चालेल, राज्याला आमच्या परवानगीशिवाय चालणार नाही, असं म्हटलं. सातारा खालसा. मग १८५४ला झाशी आणि नागपूर. आणि त्याच इंग्रजांनी १८७५ मध्ये मल्हाररावांना पदच्युत केल्यावर जमनाबाईंना दत्तक घेऊ दिलं. मालेगावकडच्या कवळाण्याचा बारा वर्षांचा मुलगा आला आणि सयाजीराव झाला. विधी तोच, शास्त्र तेच.

बाबांचं परवाचं वाक्य इथे परत आठवलं. जमीन आणि गादी वेगळी. पण वेगळी आहे हे कोण म्हणणार, हे कोणत्याच कलमात लिहिता येईना. सहा तास घालवून दत्तकाचं कलम सव्वा पानाचं झालं. चांगलं नाही झालं.

१२ जुलै, शनिवार

चौथा डाव. नियमपत्रिका अकरा पानं. कोणीही वाचली नाही. वहिनींनी लाल पेनाने शुद्धलेखन तपासलं होतं, ते वाचन धरायचं तर एक.

चौथ्या राजाच्या वेळी: राजाने दत्तक घेतला, पुढच्या फेरीत त्याला स्वतःचा मुलगा झाला. आधी कोण? ‘आधी जन्मला तो आधी’ म्हटलं तर दत्तक. ‘औरस आधी’ म्हटलं तर धाकटा. अकरा पानांत कुठेच नाही. तिघांनी माझ्याकडे पाहिलं. “खेळ तुझा, तू सांग.” मी म्हणालो, औरस. शास्त्राला धरून होतं, मी खरंच तसंच मानतो. पण औरसाचा सोयरा मी होतो.

आतेभावाने पत्ते टेबलावर आपटले नाहीत, नीट रचून ठेवले. ते जास्त वाईट. “डाव तुझाच आहे, तर तूच जिंक,” म्हणाला. नंतर खाली पानटपरीपाशी सगळं निवळलं, पण डाव मोडला तो मोडलाच.

१३ जुलै, रविवार

रात्रभर तेच डोक्यात. सकाळी स्कॉटलंडची टिपणं परत काढली. ८ जूनला मी १०४ जणांची सभा, फांदी, पायरी एवढंच उतरवलं होतं. त्या आधीची एक गोष्ट सोडून दिली होती: निवाडा करायला बोलावलेल्या पहिल्या एडवर्डने १२९१ मध्ये आधी सगळ्या दावेदारांकडून लिहून घेतलं की स्कॉटलंडवर अधिराज्य माझं. मग न्याय दिला. न्याय कदाचित बरोबरच होता. फी मात्र आधी वसूल.

भोपाळला निवाडा देणारा कोण? इंग्रज. साताऱ्याला? इंग्रज. ठाणं तर फी म्हणूनच गेलं. १७०७ला औरंगजेब गेल्यावर मोगलांनी शाहूंना सोडलं, तेव्हा ताराबाईंचा मुलगा आधीच गादीवर होता. सोडणाऱ्यांना हे ठाऊक नव्हतं थोडंच? ताराबाईंच्या बाजूने हा शाहू तोतया असल्याचं म्हटलं गेलं. परसोजी भोसले शाहूंच्या ताटात जेवले, तेव्हा लोकांची खात्री पटली, असं सांगतात. खेडला लढाई झाली, जानेवारी १७०८ला शाहूंचा राज्याभिषेक झाला, आणि पुढे सातारा आणि कोल्हापूर अशा दोन गाद्या राहिल्या. त्यावर वारणेचा तह व्हायला १७३१ उजाडलं.

मी पाच आठवडे भोकं बुजवतोय. प्रत्येक भोक बुजवलं की दोन नवी पडतात, आणि गंमत अशी की डावातली चांगली भांडणं सगळी भोकांतूनच निघाली. सगळी भोकं बुजली तर खेळायला काय राहणार? रांग लावायची, पुढचा बसवायचा, संपलं. राज्याचा कायदा फाटका असायलाच हवा. फाटका चालणार नाही तो खेळाचा नियम: फाटलं की निवाडा कोण देणार आणि त्याबद्दल काय घेणार. मी हे दोन्ही एकाच पत्रिकेत कोंबत होतो.

बाबांना विचारलं, तुमच्याकडे दोन वारस भांडले तर तुम्ही ठरवायचात?

“मी? मी कोण ठरवणार? तलाठी नोंद धरतो. नोटीस काढतो, पंधरा दिवस हरकतीला. हरकत आली की ती विवादग्रस्त रजिस्टरला, सहा-अ. मंजूर करणार मंडळ अधिकारी. लिहिणारा एक, सही करणारा दुसरा. दोघं एकच असते तर मला गावात राहता आलं असतं का?”

हे वाक्य मी लगेच पत्रिकेच्या मागे लिहून घेतलं.

२६ जुलै, शनिवार

पाचवा डाव, नव्या पत्रिकेवर. वेळूगडचा कायदा आता एका पत्त्यावर मावतो: आधी जन्मला तो आधी, मयताच्या जागी त्याची मुलं, गर्भ असेल तर अटीवर बसवा, दत्तक चालतो. बस. औरस-दत्तक मुद्दाम मोकळं सोडलंय. लेकावळ्यांबद्दल (दासीपुत्रांबद्दल) एक अक्षर नाही.

खेळाचा नियम वेगळ्या कागदावर. दोन दावे उभे राहिले की ज्यांची सोयरीक नाही त्यांतला एक दप्तरदार, एक मुतालिक. दप्तरदार नोंद लिहितो, मुतालिक शिक्का मारतो किंवा मारत नाही. शिक्का नाही तर यादवी, फासे टाका. दप्तरदाराने दावेदाराकडे हवे तेवढे प्रांत मागावेत.

तीन झटपट डाव झाले. तिन्ही डाव दप्तरदाराने जिंकले. एकदाही राजाच्या सोयऱ्याने नाही. मित्र शेवटच्या डावात कोणाशीही सोयरीक न करता नुसता बसून राहिला आणि सात प्रांत घेऊन उठला. वहिनी म्हणाल्या, “हा तर मुंबईकर इंग्रज झाला.” इतिहासाला धरून आहे, पण खेळ म्हणून बाद.

३ ऑगस्ट, रविवार

दुरुस्ती: मोबदला फक्त एक प्रांत. कोणता, ते निवाड्याआधी सगळ्यांसमोर सांगायचं, आणि तो मिळणार शिक्का पडला तरच. म्हणजे दप्तरदाराला मुतालिकाची मर्जी राखावी लागते. मुतालिकाला मोबदला नाही, पण पुढच्या वादात दप्तर त्याच्याकडे.

एकटाच चार हात खेळून पाहिलं. स्वतःशीच भांडण होत नाही, त्यामुळे फारसं कळलं नाही.

१० ऑगस्ट, रविवार

काल राखीपौर्णिमा, आत्या आणि आतेभाऊ दोघंही आमच्याकडे. जेवणानंतर सहावा डाव, या वेळी वहिनींच्या जागी आत्या.

दुसऱ्याच राजाला औरस-दत्तक वाद आला, तोच, १२ जुलैचा. या वेळी औरस आतेभावाचा, दत्तक मित्राचा, दप्तर माझ्याकडे, शिक्का आत्याकडे. मी उघडपणे नदीकाठचा प्रांत मागितला आणि दत्तकाच्या नावे नोंद धरली. आतेभाऊ हसला: “गेल्या महिन्यात तुझं शास्त्र औरसाचं होतं.” गेल्या महिन्यात नदीकाठ कोणी देत नव्हतं, मी म्हणालो. आत्याने शिक्का मारला नाही. मुलाच्या बाजूने म्हणून नव्हे. तिला पुढचं दप्तर यादवीनंतर हवं होतं, तेव्हा प्रांत स्वस्त होतात. हे मला सुचलं नव्हतं. फासे पडले, औरस बसला, पण निम्मं राज्य उजाड. डाव दोन तास दहा मिनिटांत पूर्ण झाला. झटपट डाव सोडले तर पहिल्यांदाच पूर्ण झाला. मित्र जिंकला, एका प्रांताने.

आत्या बाराव्या मिनिटाला खेळ शिकली. अकरा पानी पत्रिका फाडून टाकली.

२४ ऑगस्ट, रविवार

परवा रात्रीच्या गाडीने गावी, बुधवारी गणपती. चुलत भावंडं मिळून नऊ जण, म्हणजे दोन पट लागतील. पत्ते १४४, स्टेशनजवळच्या झेरॉक्सवाल्याकडून लॅमिनेट करून आणले. प्लॅस्टिकमुळे आता पिसताना निसटतात. अडकण्यापेक्षा बरं.

पत्रिका एक पान, पाठपोट. रात्री बाबांकडे वाचायला दिली. चष्मा लावून दोनदा वाचली, आईला वाचून दाखवली, मग पेन मागितलं. समासात लिहिलंय: ‘हरकतीची मुदत नमूद नाही.’ खरंच नव्हती. नोंद झाल्यावर शिक्का पडेपर्यंत दुसरा दावेदार किती वेळ बोलत राहू शकतो, हे कुठेच नाही, आणि आतेभाऊ गावी येतोय.

मुदत: एक वाळूचं घड्याळ, तीन मिनिटं. घड्याळ मिळालं नाही तर उदबत्तीचा तुकडा. नवी पत्रिका उद्या सकाळी छापायची. बाबांनी बॅग भरताना विचारलं, नऊ जणांत दप्तर कोण धरणार, मी येतोच आहे.